चांदीचा दागिना आणि अंगावरचा काळा डाग



चांदीची साखळी गळ्यात घातली की काही जणांच्या मानेवर दोन-चार दिवसांत काळसर रेघ उमटते. अंगठी काढली की बोटावर करडे वळे दिसते. पैंजण घालून स्नेहसंमेलनात नाच केला की पांढऱ्या मोज्यांना काळे लागते. असे झाले की घरात बहुधा दोनपैकी एक निष्कर्ष निघतो. पहिला, "सराफाने फसवले, चांदी खोटी आहे." दुसरा, "हिच्या अंगात उष्णता फार, हिला चांदी लाभत नाही." पहिल्यात आळ येतो दुकानदारावर, दुसऱ्यात दागिना घालणारीवर. नव्या सुनेची बोटे जोडव्यांखाली काळी पडली, तर हे दुसरे वाक्य तिला बरेच दिवस ऐकावे लागते. तान्ह्या बाळाचे वाळे काळे पडले तर त्याची दृष्ट काढली जाते.

या दोन्ही निष्कर्षांविषयी रसायनशास्त्र काय सांगते ते या पाठात पाहू. डागाच्या चर्चेत एक तिसरी गोष्ट मागे पडते, ती म्हणजे दागिन्याखाली सुटणारी खाज. खरे लक्ष तिच्याकडे द्यायला हवे. ते का, हेही शेवटी येईल.

डाग येण्याच्या तीन वाटा

१) हवेतील गंधक : लोखंड हवेतील ऑक्सिजनमुळे गंजते. चांदीचे तसे नाही. साध्या तापमानाला कोरड्या, शुद्ध हवेत चांदी वर्षानुवर्षे चकचकीत राहील. तिचे वैर आहे गंधकाशी. गटारे, कुजणारा कचरा, जळणारा कोळसा यांतून हायड्रोजन सल्फाईड नावाचा वायू अगदी थोड्या प्रमाणात हवेत मिसळत असतो. नासक्या अंड्याचा वास तो हाच. आपल्या नाकाला पत्ता लागणार नाही इतक्या कमी प्रमाणातही तो चांदीला पुरतो. चांदी, हा वायू आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाईडचा थर बसतो. थर पातळ असताना पिवळट दिसतो, मग तपकिरी आणि शेवटी काळा. हवेत ओल असली की ही क्रिया जलद होते. म्हणून माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात कपाटात ठेवलेले निरांजन फारसे बदलत नाही, आणि पावसाळ्यात गौरी-गणपतीसाठी बाहेर काढावे तर काळवंडलेले असते. दागिन्यावरचा हाच काळा थर घासला जाऊन कातडीला लागतो.

२) घाम : घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ, त्यात थोडी आम्ले आणि इतर द्रव्ये. निरोगी त्वचा मुळातच किंचित आम्लधर्मी असते. घामातील क्लोराईडशी चांदीचा संयोग होऊन सिल्व्हर क्लोराईड बनते. ते मूळचे पांढरे, पण उजेडात काळे पडणारे. जुन्या काळच्या कृष्णधवल छायाचित्रांची फिल्म चांदीच्या याच जातीच्या क्षारांवर चालत असे. घाम किती येतो, त्याची आम्लता किती, हे माणसागणिक वेगळे असते. एकाच माणसात ते ऋतू, व्यायाम आणि ताप यांप्रमाणे बदलते. म्हणूनच एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेल्या दोन साखळ्यांपैकी थोरल्या बहिणीची काळी पडते आणि धाकटीची पडत नाही. "उष्णता" या शब्दामागे लोकांनी पाहिलेली गोष्ट खरी आहे, कारण जास्त घाम येणाऱ्यांची चांदी लवकर काळवंडते. पण जास्त घाम येणे हा काही स्वभावातला किंवा नशिबातला दोष नव्हे.

३) पावडर आणि क्रीम : ही वाट सर्वांत कमी ठाऊक असलेली. पुष्कळ वेळा डागाचे खरे कारण हेच असते. चांदी मऊ धातू आहे. खनिजांचा कठीणपणा मोजण्यासाठी १ ते १० अशी जी मोह्‌स श्रेणी वापरतात, तिच्यात चांदी २.५ ते ३ वर येते. घामोळ्यांच्या अनेक पावडरींत आणि कॅलामाईन लोशनमध्ये झिंक ऑक्साईड असते. उन्हापासून रक्षण करणाऱ्या क्रीममध्ये आणि चेहऱ्याला लावायच्या प्रसाधनांत झिंक ऑक्साईड किंवा टिटॅनियम डायऑक्साईड असते. हे पदार्थ चांदीपेक्षा कठीण असतात. अंगठी किंवा साखळी या कणांवर हलली की सहाणेवर गंध उगाळल्यासारखे होते, आणि चांदीचे सूक्ष्म कण झिजून त्वचेवर उतरतात. धातूचा मोठा तुकडा चमकतो, पण त्याचा अतिसूक्ष्म भुगा प्रकाश शोषतो आणि काळा दिसतो. उन्हाळ्यात मानेला पावडर लावून वर साखळी घालणाऱ्याची मान काळी होते ती या झिजेमुळे. तिथे चांदी खोटी असण्याची गरज नाही. अगदी शुद्ध चांदीही अशीच उतरते.

हिरवा डाग कशाचा?

काहींच्या बोटावर डाग काळा न पडता हिरवट पडतो. तो तांब्याचा. तांबे, घाम आणि त्वचेवरचा तेलकटपणा मिळून तांब्याचे हिरवे-निळे क्षार तयार होतात. देवघरातल्या तांब्याच्या पळी-पंचपात्रावर दिसणारा हिरवा थर याच्याच नात्यातला. साबणाने धुतला की डाग जातो आणि त्वचेला सहसा काही इजा होत नाही.

आता चांदीच्या दागिन्यात तांबे आले कोठून, असे कुणी विचारील. शुद्ध चांदी इतकी मऊ असते की तिची अंगठी सहज वाकते आणि साखळीची कडी उघडते. बळकटी यावी म्हणून सोनार तिच्यात तांबे मिसळतात. जगभर रूढ असलेल्या "स्टर्लिंग" चांदीत १००० भागांत ९२५ भाग चांदी असते. बाकीचे ७५ भाग बहुधा तांब्याचे असतात. दागिन्यावर "९२५" असा अंक दिसतो तो यासाठी. प्रमाण सांगून मिसळलेले तांबे ही फसवणूक नाही. प्रमाण लपवले तर ती फसवणूक.

कलदार रुपयाची गोष्ट

आपल्या इंदूरला चांदीतील मिश्रणाचा धडा नाण्यांवरूनही शिकता येतो. होळकर संस्थानची स्वतःची टांकसाळ होती. मल्हारनगर, म्हणजे इंदूर, येथे पडलेल्या चांदीच्या रुपयांवर सूर्यमुखाची खूण असे. पुढे इंग्रजी अमलातला यंत्रावर पाडलेला रुपया सर्वत्र चालू लागला. आपल्या आज्या-पणज्या त्याला "कलदार" म्हणत. राणी व्हिक्टोरियाचे चित्र असलेला तो राणीछाप. अनेक मराठी घरांतल्या लक्ष्मीपूजनाच्या ताटात तो आजही निघतो.

या कलदार रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा, आणि त्यात १२ भागांपैकी ११ भाग चांदी, म्हणजे सुमारे ९१.७ टक्के. दुसरे महायुद्ध सुरू झाले, चांदीची टंचाई झाली, आणि १९४० पासून रुपयातील चांदी ५० टक्क्यांवर आणली गेली. उरलेल्या निम्म्यात ४० टक्के तांबे, ५ टक्के निकेल आणि ५ टक्के जस्त. १९४७ साली तर रुपया शुद्ध निकेलचा झाला, चांदी पार गेली.

म्हणजे आजीच्या डब्यातल्या दोन रुपयांपैकी १९१८ चा आणि १९४४ चा दिसायला भावंडे असली, तरी आतून फार वेगळी आहेत. जुने रुपये आटवून पैंजण किंवा कडे करण्याची पद्धत होती. चांदी शुद्ध करून न घेता १९४० नंतरचे रुपये आटवले, तर त्या दागिन्यात तांब्याबरोबर निकेलही येणार. हे निकेल लक्षात ठेवा, खाजेच्या वेळी त्याची गरज लागेल.

जो डाग धुऊन जात नाही

दागिन्याचा काळा डाग साबणाने धुतला की जातो, कारण चांदीचे कण आणि तिचे क्षार त्वचेच्या वर बसलेले असतात. चांदीचा न धुता येणारा डागही तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. तो म्हणजे मतदान करून आलेल्या आई-बाबांच्या बोटावरची शाई!

ही शाई कर्नाटक सरकारच्या मालकीच्या "मैसूर पेंट्स अँड वार्निश" या कारखान्यात तयार होते. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ती आपल्या देशात वापरली जाते. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असते. हा चांदीचा विरघळणारा क्षार आहे. तो त्वचेच्या वरच्या थरात शिरतो, तिथल्या मिठाशी आणि प्रथिनांशी संयोग पावतो, आणि उजेड लागला की काळा होतो. मग साबण, लिंबू, स्पिरिट, कशानेही तो निघत नाही. त्वचेचे जुने थर गळून पडतात आणि नख वाढून पुढे सरकते, तेव्हाच तो जातो. प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेट हाताळताना हातमोजे घाला, असे सर सांगतात त्याचे कारणही हेच.

याहून पुढची एक अवस्था आहे. चांदीचे क्षार किंवा चांदीचे सूक्ष्म कण महिनोन्‌महिने पोटात गेले, तर ते शरीरात साठतात आणि कातडी कायमची करडी-निळी होते. या विकाराला "अर्जिरिया" म्हणतात. तो बरा होत नाही. अखंड त्वचेवर घातलेल्या अंगठीने किंवा पैंजणाने सर्व शरीरभर तो होत नाही. पण "प्रतिकारशक्ती वाढवणारे चांदीचे पाणी" म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्या नियमित पिणाऱ्यांना तो झाल्याची उदाहरणे आहेत. बिनाचिठ्ठीने विकल्या जाणाऱ्या अशा औषधांना सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाही, असा निर्णय अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ साली दिला. चांदीच्या वाटीतून बाळाला खीर भरवणे वेगळे, आणि चांदीचे औषध म्हणून रोज काही पिणे वेगळे. पालकांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

डाग आणि खाज यांत फरक करा

आता मूळ मुद्दा. दागिन्याखालची त्वचा फक्त काळी किंवा हिरवी झाली असेल, आणि धुतल्यावर साफ होत असेल, तर तो आजार नाही. पण त्वचा लाल होत असेल, खाजत असेल, बारीक पुरळ किंवा पाणी सुटत असेल, तर तो डाग नसून बहुधा धातूची अॅलर्जी आहे. चांदीची अॅलर्जी विरळा. दोषी असते ते बहुधा निकेल.

बाजारात "जर्मन सिल्व्हर" नावाचे दागिने आणि भांडी मिळतात. नावात सिल्व्हर असले तरी त्यात चांदी मुळीच नसते. ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण असते. दिसायला पांढरे, किमतीला स्वस्त. घामाने त्यातले निकेल सुटते आणि त्वचेत शिरते. एकदा शरीराने निकेलला शत्रू मानले की ती अॅलर्जी बहुधा जन्मभर राहते. पुरळ लगेच उठत नाही, एक-दोन दिवसांनी उठते, म्हणून खरे कारण पटकन लक्षात येत नाही. कान टोचल्यावर ताज्या जखमेत निकेलची बाळी घालणे ही या अॅलर्जीची नेहमीची सुरुवात. युरोपीय संघाने त्वचेला सतत चिकटून राहणाऱ्या वस्तूंतून किती निकेल सुटावे, यावर १९९४ साली नियम करून मर्यादा घातली.

आपल्याकडे अडचण अशी की जोडवी हे सौभाग्याचे लेणे. बोट खाजून सोलवटले तरी ती काढायची नाहीत, असे पुष्कळ जणींना वाटते, किंवा तसे त्यांना सांगितले जाते. "चांदी लाभत नाही" म्हटले की सोसणे हा एकच उपाय उरतो. "निकेल सोसत नाही" म्हटले तर दुसरा उपाय दिसतो. आधी जोडवी काढून त्वचा बरी होऊ द्यावी, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे, आणि नंतर खात्रीच्या चांदीची निकेलविरहित जोडवी करून घ्यावीत. कोणत्या धातूचा त्रास आहे ते डॉक्टर "पॅच टेस्ट" करून सांगू शकतात. रूढीही राहते आणि बोटही राहते.

तान्ह्या बाळांविषयी दोन शब्द. वाळे काळे झाले तर घाबरण्यासारखे काही नाही. बाळ वाळे तोंडात घालते, त्यामुळे ते पुसून स्वच्छ ठेवावेत इतकेच. खरा धोका सुटू पाहणाऱ्या घुंगराचा. ते निघून बाळाच्या घशात अडकू शकते. वाळे घट्ट होऊन पायात रुतत नाहीत ना, हेही आठवड्यातून एकदा पाहावे.

मग चांदी खरी की खोटी, ते कसे ओळखावे?

डागावरून ओळखता येत नाही. शुद्ध चांदी काळी पडते, मिश्र चांदीही पडते. उलट ऱ्होडियमचा मुलामा दिलेला दागिना बरेच दिवस काळा पडत नाही. राजवाड्यामागच्या आपल्या सराफ्यात रात्री आपण गराडू आणि भुट्ट्याचा कीस खायला जातो, तसे दिवसा दागिना घ्यायला गेलो की तीन गोष्टी कराव्यात. भारतीय मानक ब्यूरोचा हॉलमार्क मागावा. शुद्धतेचा अंक पाहावा. आणि पक्क्या पावतीवर वजन, शुद्धता, घडणावळ हे वेगवेगळे लिहून घ्यावे. चांदीचे हॉलमार्किंग २००५ साली सुरू झाले. सोन्यासारखे ते सक्तीचे झालेले नव्हते, म्हणून मागणे ग्राहकाच्या हाती राहिले. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कमध्येही अक्षरे आणि अंक मिळून सहा चिन्हांचा क्रमांक देण्याची सोय झाली आहे. तो "बीआयएस केअर" या मोबाइल अॅपवर तपासता येतो. पुरावा हातात नसताना केवळ काळ्या रेघेवरून कुणाला चोर म्हणू नये, आणि पावती न घेता कुणावर आंधळा विश्वासही ठेवू नये.

चांदीची निगा

• आधी पावडर, क्रीम, अत्तर लावावे, ते त्वचेत मुरू द्यावे, आणि दागिना सर्वांत शेवटी घालावा.
• खेळताना, पोहताना आणि फटाके उडवताना चांदी काढून ठेवावी. फटाक्यांच्या दारूत गंधक असते. खरजेवरच्या काही मलमांतही ते असते.
• काढल्यावर मऊ कापडाने घाम पुसून, हवाबंद पिशवीत ठेवावी. रबरबँडने बांधू नये, रबरात गंधक असते.
• चिंच तांब्या-पितळेसाठी चांगली. तिचे सौम्य आम्ल सिल्व्हर सल्फाईडला विरघळवू शकत नाही. रांगोळी किंवा राखेने घासल्यास काळेपणा जातो, पण चांदीही झिजते आणि ओरखडे पडतात.
• दारावर येणाऱ्या पॉलिशवाल्याच्या हाती दागिना देऊ नये. दागिन्याचे वजन त्याच्या द्रवात राहून जाते.

करून पहा

प्रयोग पहिला : पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदाच्या अर्ध्या भागावर पांढरा पोस्टर कलर लावून पूर्ण वाळू द्या. चांदीच्या साध्या वळ्याची कड आधी कोऱ्या भागावर आणि मग रंगवलेल्या भागावर ओढा. कोऱ्या भागावर रेघ फारशी दिसणार नाही, रंगवलेल्या भागावर करडी रेघ उमटेल. पावडर लावलेल्या मानेवर जे घडते तेच इथे घडले. युरोपातील जुने चित्रकार, लिओनार्दो दा विंची आणि ड्यूरर यांच्यासारखे, याच रीतीने चांदीच्या तारेने चित्रे काढत. कागद जपून ठेवा आणि काही महिन्यांनी रेघेचा रंग पुन्हा पाहा.

प्रयोग दुसरा (मोठ्यांच्या देखरेखीखालीच) : काचेच्या भांड्यात अॅल्युमिनियमची फॉईल अंथरा. तिच्यावर काळा पडलेला चांदीचा साधा चमचा असा ठेवा की तो फॉईलला टेकेल. एक लिटर कडकडीत गरम पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा विरघळवून ते वर ओता. काही मिनिटांत काळेपणा कमी होईल आणि किंचित नासक्या अंड्याचा वास येईल. गंधक चांदीला सोडून गेल्याची ही खूण. घासून थर काढला तर चांदी कमी होते. इथे सल्फाईडमधली चांदी चमच्यावरच परत येते. खडे, मोती किंवा मुद्दाम काळी केलेली नक्षी असलेल्या दागिन्यांवर हा प्रयोग करू नये.

स्वाध्याय

१) एकाच सराफाकडून घेतलेल्या दोन साखळ्यांपैकी एकच काळी पडली. तीन संभाव्य कारणे लिहा.
२) मतदानाच्या शाईचा डाग आणि अंगठीचा डाग यांत काय फरक आहे?
३) घरात जुने चांदीचे रुपये असतील तर त्यांवरील साल वाचा. त्यातील चांदीचे प्रमाण सांगा.
४) काळा डाग, हिरवा डाग आणि लाल खाजरे पुरळ, या तिन्हींची कारणे घरातील मोठ्यांना समजावून सांगा.

चौथ्या प्रश्नाला गुण नाहीत. पण तुमच्या सांगण्याने एखाद्या मावशीने किंवा काकूने खाजणारे जोडवे काढून डॉक्टरांना दाखवले, तर या पाठाचे सार्थक झाले असे समजू.